पपांची तब्येत आणि देशाचा खजिना

३ फेब्रुवारी

गस पुन्हा आला! नाताळाशिवाय न उगवणारा माझा भाऊ हल्ली दिवसाआड लंडनहून आगगाडीने येतो, हातात कासवाच्या सुपाची बरणी घेऊन. पपांच्या उशाशी बसून चमच्याने भरवतो. पन्नाशीचा लॉर्ड सेल्बी, शर्टावर सूप सांडलेलं — "पपा, एकच घोट. माझ्यासाठी."

पपा त्र्याऐंशीचे. खोकला आहे, संधिवात आहे, आणि जगातल्या प्रत्येक माणसाबद्दल वाईट मत आहे. तो गेल्यावर मला हळूच म्हणाले, "हॉनर, हा मुलगा मला आवडायला लागलाय की काय!"

मला कारण माहीत आहे.

४ फेब्रुवारी

वहीपाशी कसली लाज! कारण हे — सरकार पडायला आलंय. पडलं की गसच्या पक्षाचे म्हातारे ऑर्म्सबी पंतप्रधान, आणि गस खजिन्याचा मंत्री. त्या खुर्चीकडे बघून बघून त्याची मान आखडली आहे. पण खजिन्याचा मंत्री लागतो तो लोकांनी निवडलेल्या खालच्या सभागृहातला. गस सध्या तिथेच बसतो, त्याचं 'लॉर्ड' नुसतं मानाचं. पपा अर्ल, म्हणजे पिढीजात उमराव. ते गेले की त्याच क्षणी गस अर्ल, आणि अर्लने वर जाऊन लॉर्डांच्या सभागृहात बसायचं! हवंय की नको, कोणी विचारत नाही. वर भाषणं बेताची होतात. घोरणं उत्तम.

बाकीच्या खानदानी घरांत थोरला मुलगा बाप कधी जातो याची वाट बघतो. आमच्याकडे सूप भरवतो.

माझाही जीव यात अडकलाय. गसची भाषणं मी लिहिते. साबणावरचा कर रद्द करण्याचं भाषण तयार आहे — असं की विरोधकसुद्धा घरी जाऊन अंघोळ करतील. ते लॉर्डांपुढे? छे!

७ फेब्रुवारी

पपांना कोल्ह्याच्या शिकारीला जायचं होतं. लाल कोट घालून घोड्यावर चढलेसुद्धा. गसने धावत येऊन लगाम धरला.

"पपा, गारठा आहे."

"गारठा तू जन्मायच्या आधीपासून आहे!"

"उतरा ना. मला काळजी वाटते."

आणि पपा उतरले! ज्यांनी राणीचंसुद्धा ऐकलं नाही, ते. संध्याकाळी नोकराकडून मिशी कापून घेतली — रविवारी गस येणार म्हणून.

मला ते बघवेना.

९ फेब्रुवारी, रविवार

घात! आमच्या पाद्री क्रंपना गसच्या वशिल्याने मोठं चर्च हवंय. म्हणून आज भर प्रार्थनेत, डोळे मिटून, खणखणीत आवाजात — "हे परमेश्वरा, आमच्या वृद्ध अर्लसाहेबांना आयुष्य दे. निदान नवं मंत्रिमंडळ शपथ घेईपर्यंत!"

पपा बहिरे आहेत असा सगळ्या गावाचा समज आहे. पपा फक्त सोयीपुरते बहिरे आहेत.

गस जागच्या जागी बीटरूट. घराच्या पायरीवर पपा थांबले, माझ्या हाताचा आधार घेतला.

"म्हणजे सूप मला नव्हतं, हॉनर. खजिन्याला होतं."

१० फेब्रुवारी

सूप कुत्र्याला घातलं. कुत्रा टवटवीत दिसतोय.

सकाळी पपा घोड्यावर बसून थेट सगळ्यात उंच कुंपणाकडे निघाले. मागून चिखलातून गस.

"पपा! देशाचा विचार करा!"

"जन्मभर तुझ्या पक्षाविरुद्ध मत दिलं, ते देशाचाच विचार करून! आता एक उडी मारतो — की झालास तू अर्ल!"

कुंपण घोड्याला पटलं नाही. तो थांबला. या घराण्यात अक्कल असलेला तो एकटाच.

दुपारी पपा एकदम शांत. ही शांतता मला मुळीच आवडली नाही. मग म्हणाले, "ऑर्म्सबी आहे ना अजून? शाळेत धाकट्या पोरांनी थोरल्यांची कामं करायची असत. तो माझ्या वाट्याला आला होता. बूट पुसायचा, टोस्ट भाजायचा. करपवायचा, गाढव! त्याला जेवायला बोलाव."

१३ फेब्रुवारी

सरकार पडलं! पपा जिवंत! गस हसत होता — इतका, की ओळखू येईना.

१५ फेब्रुवारी

नवे पंतप्रधान जेवायला आले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, छातीवर पदकं. ते आत पाऊल टाकताहेत तोच पपा ओरडले, "ऑर्म्सबी! टोस्ट!"

देवाशपथ सांगते, इंग्लंडचे पंतप्रधान शेकोटीपुढे गुडघे टेकून, लांब काट्याला पाव टोचून बसले. मग दार बंद. बाहेर आला तो फक्त करपल्याचा वास.

१७ फेब्रुवारी

गस आला तो पांढराफटक. एक जुना नियम आहे, कोणाच्या आठवणीतही नसतो — राणीच्या हुकमाने थोरल्या मुलाला बाप जिवंत असतानाच वर लॉर्डांत बसवता येतं, बापाच्याच एखाद्या दुय्यम किताबावर. ऑर्म्सबींनी तो हुकूम काढून आणलाय. खजिना त्यांच्या भाच्याला. गसकडे राजमुद्रा, काम एवढंच, की ती हरवली नाही ना हे अधूनमधून बघणं.

"पपा, हे तुम्ही केलंत?"

"मी!" पपा न्याहारीची तळलेली किडनी चावत म्हणाले. "आता मी जगलो काय, मेलो काय, तुझं काही अडत नाही. मोकळा झालास. यापुढे यावंसं वाटलं, तर ये."

गस हॅट विसरून गेला. पपांनी आणखी एक किडनी मागवली. खाल्ली नाही.

भाच्याने माझं साबणाचं भाषण मागितलंय. भाच्याला फेस येईपर्यंत वाट बघायला लावीन.

२३ फेब्रुवारी, रविवार

पपांनी मिशी कापली नाही.

तीनच्या गाडीने गस आला. हातात बरणी.

"आता कशाला?" पपा खेकसले.

"आचाऱ्याला नको म्हणून सांगायचं राहून गेलं."

पपांनी चमचा उचलला, उलटसुलट बघितला — आणि गसच्या हातात दिला.