चैतन्य रडत नाही

प्रिय नितेश,

जान्हवी आणि चैतन्य माझ्याकडे घाटकोपरला आहेत. काल तू गेटला लाथा घातल्यास, वॉचमनची कॉलर धरलीस, ‘माझा पोरगा खाली आणा, नाहीतर एकेकाला फाडीन’ म्हणून ओरडलास. मी खिडकीतून बघत होते. खाली आले नाही. भीती वाटली म्हणून, की तुझा तो चेहरा जवळून बघायचा नव्हता म्हणून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

जान्हवीच्या भुवईवर टाके आहेत. तू तिचे केस धरून डोकं चौकटीवर आपटलंस तेव्हा चार महिन्यांचं बाळ तिच्या छातीशी होतं. तिच्या रक्ताने त्याचं टोपडं भिजलं. मी ते धुवायला घेतलं आणि बादलीतच सोडून दिलं.

आमच्या इथे शनिवारी सकाळी आईबाप आणि तान्ह्या बाळांचा एक वर्ग भरतो. जान्हवी एकटी रस्त्यावर जायला घाबरते, म्हणून मी सोबत गेले. मला मूल नाही, मी तिथे काय शिकणार, असं वाटत होतं. चांगले मोठे बाप्ये सतरंजीवर पालथे पडून बाळांच्या डोळ्यांत बघत होते. एकाचा चष्मा त्याच्या लेकीने ओढून काढला, तर वर्ग घेणाऱ्या माधुरी मॅडम म्हणाल्या, ‘असू द्या हो, तिचा अभ्यास चाललाय.’ मला हसू आलं. जान्हवीही हसली, टाके ओढले जाईपर्यंत.

मग कुणाच्या तरी पिशवीतून स्टीलचा डबा फरशीवर पडला. सगळी पोरं दचकली आणि किंचाळली. चैतन्यने मुठी आवळल्या, श्वास रोखला आणि दाराकडे बघत राहिला. मी कौतुकाने म्हणाले, ‘आमचा फार गुणी आहे, रडतच नाही.’ मॅडम हसल्या नाहीत. वर्ग सुटल्यावर त्यांनी आम्हाला थांबवून घेतलं. ‘या वयात रडणं हेच त्याचं बोलणं. ते बंद झालंय. आजच्या आज डॉक्टरांना दाखवा.’

आठवतं, मागच्या अमावास्येला आईने त्याची मीठमिरच्यांनी दृष्ट काढली होती? ‘गुणाचो झील माझो, रडणा नाय,’ म्हणत होती. तुझ्याबद्दलही ती हेच म्हणायची, गुणाचा लेक, रडत नाही. गिरणी बंद पडल्यावर बाबा पट्टा काढायचे, तेव्हा मी तुला उचलून मोरीत नेऊन बसायचे. बाहेर आईच्या पाठीवर पट्ट्याचे आवाज, आणि तू माझ्या मांडीवर गप्प. हे मी तुला माफ करण्यासाठी आठवून देत नाही. त्या मोरीत मीही होते, नितेश. मी कुणाला मारलं नाही.

एक्स-रेमध्ये चैतन्यच्या दोन बरगड्या मोडून जुळत आलेल्या दिसल्या. डॉक्टर बोट ठेवून दाखवत होते. मग जान्हवीने सांगितलं. तू त्याला दोन्ही कुशींना दाबून धरलंस, ‘गप्प बस, गप्प बस’ म्हणत गदागदा हलवलंस, आणि तो गप्प झाल्यावर तिला म्हणालास, ‘बघ, असं गप्प करायचं असतं.’

मॅडम म्हणतात, सुरुवातीचे महिने बाळं खूप रडतात, कितीही केलं तरी. आपला तोल जायला लागला तर त्याला पाळण्यात पाठीवर ठेवायचं आणि खोलीबाहेर जायचं. बाळ रडून मरत नाही. एवढंच. आपल्या घरात हे कुणाला ठाऊक नव्हतं. पण तुला एक विचारते, दुसऱ्याचं पोर असतं तर तू असं हलवलं असतंस?

आज दुपारी जान्हवीने पोलिसांत तक्रार दिली आणि मी तिच्या बाजूने जबाब दिला. एक्स-रेही दिला. जबाबाखाली सही केली. पोलीस तुझ्याकडे कांदिवलीला येतील. ते दारात उभे राहण्याआधी हे तुला माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिलं. श्यामसुंदरमामा हे पत्र तुझ्या हातात आणून देईल. पळू नकोस. त्याच्यावर हात उचलू नकोस. तुला आत घेतलं तर मी भेटायला येईन, दर वेळी येईन. चैतन्यला आणणार नाही.

तुझीच,
सुलक्षणाताई