ब्रेकच्या उरलेल्या डब्याबद्दल दाजींना

खातीपुरा, जयपूर
१६ ऑक्टोबर १९८६

आदरणीय दाजींना नागनाथचा खाली वाकून नमस्कार. (वाकता अजून येतं. उठताना कुसुमचा हात लागतो, एवढाच फरक पडलाय.) तुमचा गुडघा कसा आहे? कोरेगावच्या डॉक्टरांनी दिलेलं तेल लावता, की बाटली फळीवर ठेवून नुसतं तिच्याकडे बघता? आम्ही दोघं बरे आहोत. तुम्ही पत्राला उत्तर देत नाही, हे मला ठाऊक आहे. सुमनताई गेली त्याला दोन वर्षं झाली. एवढ्या काळात तुमचं एकच पोस्टकार्ड आलं आणि त्यावरही 'ठीक आहे' आणि खाली सही. तुमची ती बायको, पण माझीही ती सख्खी बहीण होती. त्यामुळे मी रागावलो नाही, निदान फारसा नाही. तरीही आज लिहायला बसलोय, कारण विषय ब्रेकचा आहे आणि ब्रेकच्या बाबतीत तुमच्याखेरीज मी आजवर कुणाला विचारलेलं नाही.

मुद्द्याचं आधी सांगतो. आपली जीप विकायची असं कुसुमनं ठरवलंय. लष्कराच्या लिलावात आपण दोघांनी मिळून घेतलेली, तुम्ही बदली होऊन गेलात तेव्हा 'सांभाळ' म्हणून माझ्या हातात चावी दिलेली, तीच जीप. राजा पार्कात सुखदेवजी म्हणून तंबू-कनातीवाले आहेत. त्यांना खांब आणि सतरंज्या वाहायला चार चाकांनी ओढणारी गाडी हवी आहे. ते येत्या नाही, पुढच्या रविवारी गाडी न्यायला येणार आहेत. म्हणजे माझ्या हातात दहा दिवस आहेत आणि कुसुमचा निर्णय फिरवायचा आहे. तुम्ही तिला ओळखता. मी लग्नानंतर तिचा एकही निर्णय फिरवू शकलेलो नाही.

झालं असं की, गेल्या महिन्यात कुसुमला घेऊन नाहरगडावर गेलो होतो. पाऊस सरला होता, टेकड्या हिरव्या होत्या (जयपुरात हिरवं दिसलं की माणसं नातेवाइकांना बोलावून दाखवतात). चढताना सगळं झकास. उतरताना मात्र मी गप्पांच्या नादात वळणावळणाला ब्रेकवर पाय देत राहिलो. उतारावर गाडी गिअरमध्ये धरायची, पायात नाही, हे तुम्ही मला रिक्रूट असताना कान पकडून शिकवलं होतं. पण रिटायर झाल्यावर माणसाचा कान मोकळा होतो. अर्ध्या उतारावर ब्रेक दाबला तर तो मऊ लागला, पुढच्या वळणावर अजून मऊ, आणि त्याच्या पुढच्या वळणाला पाय थेट फळीला टेकला. दाजी, त्या क्षणी मला देव आठवला नाही, तुम्ही आठवलात, तेही शिव्या देताना. गचके देत दुसरा गिअर टाकला, मग पहिला टाकला, हँडब्रेक ओढला आणि गाडी हळूच डोंगराच्या बाजूला घासून उभी केली. कुसुमच्या मांडीवर दहीवड्यांचा डबा होता. पुढचं सांगत नाही. दही वाळल्यावर काचेवरून निघत नाही, एवढं नवं ज्ञान मिळालं.

गंमत पुढेच आहे. अर्धा तास तिथे बसून राहिलो आणि पुन्हा ब्रेक दाबून पाहिला तर एकदम टणक! जसं काही झालंच नाही. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडे नेली, त्यानं गल्लीत दोन चकरा मारल्या आणि म्हणाला, "ब्रेक तो एकदम बढ़िया है साब, आप घबरा गए होंगे." चोवीस वर्षं गाड्या हाकलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं! कुसुम मात्र घाबरलेली नव्हती, ती दह्यात भिजलेली होती. तिनं त्याच दुपारी सुखदेवजींना निरोप धाडला.

आता कबुली देतो. दोष गाडीचा नाही, माझा आहे. तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत तुम्ही आणि ताई आला होतात, तेव्हा आपण चारही चाकांचं ब्रेक ऑइल बदललं होतं. अर्धा डबा उरला होता. त्यावर तुम्ही खडूनं लिहिलं होतं, 'उरलं. फेकणे.' तुमचं म्हणणं असं की, उघडलेलं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं, आणि पाणी प्यायलेलं ऑइल उतारावर तापलं की आत उकळतं, वाफ होते, पाय खाली जातो. गार झालं की पुन्हा साळसूद. सगळं पाठ आहे मला. पण दाजी, तो डबा मी फेकला नाही. आधी आळसानं ठेवला, आणि पुढच्या वर्षी ताई गेल्यावर तो हातून फेकवेना. त्या दिवशी ती ओट्यावर बसून शेव पाडत होती आणि तुम्ही गाडीखालून ओरडत होतात. डबा पाहिला की मला ते दिसायचं. यंदा पावसाळ्यात मागच्या चाकांच्या ब्रेकमधली रबरं बदलली तेव्हा नव्या डब्यासाठी बाजारात कोण जातो, म्हणून तोच ओतला. खरं तर, तुमच्या हातचं आहे म्हणून ओतला. म्हणजे आठवणीपायी मी बायकोला दरीत घालत होतो. (हे वाक्य कुसुमसमोर मोठ्यानं वाचू नका, कधी भेटलात तर.)

मग ठरवलं, सगळं ऑइल काढून नवं भरायचं. फौजेत काय, कागद भरला की स्टोअरमधून डबा हातात. इथे दुकानदारानं समोर ब्रेक ऑइलचे डॉट तीन, डॉट चार अशा प्रतींचे डबे मांडले आणि वर एका पिंपातलं सुटं लाल तेल दाखवलं. म्हणाला, "कुछ भी डाल लो साब, है तो सब तेल ही." मला तुमची परीक्षा आठवली. थेंब पाण्यात टाकायचा, विरघळला तर ब्रेकचं, तरंगला तर इंजिनाच्या जातीचं, आणि ते घातलं तर आतली रबरं फुगून वाट लागते. मी म्हटलं, जरा पाणी द्या. बिचाऱ्यानं साहेबांना तहान लागली समजून माठातलं गार पाणी, स्वतःच्या काचेच्या ग्लासात, दोन्ही हातांनी पुढे केलं. मी त्यात पिंपातलं तेल टाकलं. ते मस्त तरंगलं. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, सगळी ग्लासाकडे आणि मग माझ्याकडे बघायला लागली. डॉट तीनचा सीलबंद डबा घेऊन मी निघालो, तेव्हा दुकानदार तो ग्लास नाल्यात रिकामा करत होता आणि माझ्याबद्दल मारवाडीत काहीतरी म्हणत होता.

नवं ऑइल भरताना ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला दोन माणसं लागतात, हे तुम्हाला मी काय सांगणार. आजवर गाडीखाली तुम्ही आणि पेडलवर मी. यंदा गाडीखाली मी, आणि पेडलवर कुसुम. सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणून मागच्या डाव्या चाकाशी आडवा झालो, हवा सोडायच्या निपलला नळी लावली, नळीचं टोक बरणीत बुडवलं आणि तुमच्याच आवाजात ओरडलो, "दाब! धर! सोडू नको!" दोनदा तिनं ऐकलं. तिसऱ्यांदा पाय काढला, खाली उतरली आणि "असे हुकूम सोडायचे असतील तर पलटणीत जा," म्हणून आत गेली. निपल उघडी, नळी बरणीतून निसटलेली, हवा पुन्हा आत. मी गाडीखालून "अहो कुसुमताई, कृपा करून" असं म्हणेपर्यंत ती आली नाही. पण आल्यावर सगळी चाकं तिनं एका दमात करून दिली, आणि खरं सांगतो, तिचा पाय माझ्यापेक्षा शांत आहे.

एवढ्यात आणखी एक घोळ झाला. डबा मी पुढच्या मडगार्डवर ठेवला होता, तो कलंडला. मी पाण्यानं धुवायचं सोडून फडक्यानं पुसत बसलो. पाच मिनिटांत कुसुमचा आवडता आकाशी रंग सुरकुतला आणि सोलून आला. खाली ताईचा पिवळा निघाला. आठवतो? "गाडी आहे की रणगाडा, जरा हळद लावा तिला," म्हणून तिनं हट्टानं दिलेला. आणि त्याच्याही खाली आपला फौजी हिरवा. दाजी, मी फडकं हातात घेऊन तिथे बराच वेळ बसलो होतो. रडलो म्हणा हवं तर. कुसुम आली, तिनं बघितलं, आणि रंग खराब केल्याबद्दल ती एक शब्दही बोलली नाही. त्यानं मला जास्त भीती वाटली.

असो. गुडघ्याला जपा, आणि विहिरीच्या पायऱ्या एकट्यानं उतरू नका.

तुमचा मेव्हणा (आणि तुमच्याच हाताखाली शिकलेला ड्रायव्हर),
नागनाथ

ता.क. खरं काम राहिलंच. कुसुम फक्त तुमचं ऐकते. तिला चार ओळी लिहा की नव्या ऑइलनंतर जीप ठणठणीत आहे आणि विकू नये. पत्र त्या रविवारच्या आत पोचायला हवं. तोवर मी सुखदेवजींना गाठून सांगणार आहे की, या गाडीच्या ब्रेकचा काही भरवसा नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते मी नंतर बघतो.

ता.ता.क. भाऊजींना कुसुमचा नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. सुखदेवजींना मी मंगळवारीच 'गाडी विकायची नाही' म्हणून कळवलंय, मडगार्डावरचा पिवळा रंग बघितला त्याच संध्याकाळी. ह्यांना अजून सांगितलेलं नाही, कारण भीतीनं का होईना, रोज गाडी धुतली जाते. ह्यांना लिहायचं होतं ते वेगळंच आहे, तुम्ही या. दोन वर्षं झाली, हे ब्रेक-ब्रेक करतात आणि वन्संचं नाव काढायला कुणी मिळत नाही. दिवाळीला या. स्टेशनवर जीप घेऊन मी येते, हे नाहीत. वन्संना गाडी चालवता यायची, तुम्हाला माहीत नाही. तुमच्या शेजारी बसून तुमचे पाय बघत शिकल्या होत्या. तुम्ही दोघं दुपारी घोरत पडलात की आम्ही दोघी खातीपुऱ्याच्या मैदानात जायचो, आणि मला त्यांनीच शिकवलं. उतारावर गाडी गिअरमध्ये धरायची, पायात नाही, हे त्यांनी मला तुमच्याच आवाजात सांगितलं होतं.