समासातला प्रश्न

ता. ३ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझ्या धाकट्याने छापखान्यात घोळ घातलाय. दुसऱ्याकडून कळण्याआधी मीच सांगतो. नव्या राज्यकर्त्यांचा हुकूम राजपत्रात छापायला आला: घटना रद्द. मुद्रितं तपासायला माझ्याच टेबलावर. प्रत्येक हुकुमाच्या माथ्यावर एक ओळ असते, अमुक कलमाने दिलेल्या अधिकारान्वये. इथे ती जागा कोरी. वीस वर्षांच्या सवयीने मी समासात लिहिलं, ‘कोणत्या अधिकारान्वये?’ उत्तर आल्याशिवाय पान यंत्रावर चढत नाही. साहेब पांढरेफटक पडले.

खाऊचे वाटे करणाऱ्याने आपला वाटा शेवटी उचलायचा, हा लहानपणीचा कायदा आठवतो? केलास तूच, मोडलासही तूच. मी दोन दिवस अबोला धरला होता. सोमवारी तुम्हा न्यायाधीशांना नवी शपथ आहे म्हणे. मला भीती वाटते.

लोभ आहे, तो आटू देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

ता. ५ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

शहाण्या, प्रश्न आधी खोड. पदरी दोन मुली आहेत, हात दाखवून अवलक्षण कशाला? मी सही करणार आहे. ज्येष्ठ म्हणून पहिली माझीच. ही खुर्ची सोडली तर तिच्यात कोण बसेल, मला ठाऊक आहे. मी असले तर चार निरपराध माणसं तरी सुटतील. लिहिताना बरं वाटत नाहीये. मुलींना पापा.

तुझ्या काळजीत,
ताई

ता. ७ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

खोडणार होतो, पण पान आधीच वरिष्ठांकडे गेलं होतं. आज उत्तरासकट परत आलं: ‘सोमवारी न्यायमूर्तींच्या सह्या होतील. त्यांच्या मान्यतेने, असे छापावे.’ म्हणजे त्यांच्याकडे दुसरा आधारच नाही. बंदुका आहेत, पण त्या ओळीत बंदूक लिहिता येत नाही. ती ओळ म्हणजे तुझी सही, ताई.

काय करावंस, हे मी सांगणार नाही. सही केलीस तरी या खेपेला अबोला धरणार नाही.

तुझाच,
धाकटा

ता. ९ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

सामान बांधायला अर्धा तास दिलाय, त्यात हे लिहितेय. दालनात आम्ही सात जण होतो. कागद माझ्यापुढे आला, बाकीचे माझ्या हाताकडे बघत होते. शपथेखालची जागा मी कोरी ठेवली. समासात तुझा प्रश्न लिहिला आणि त्याखाली सही केली. शेजारच्यांनी कागद ओढून माझ्याखाली, समासातच सही केली. पुढचं मला बघू दिलं नाही.

घटनेची जुनी शपथही मीच घेतली होती रे. आपलाच कायदा दुसऱ्यांदा मोडून तुला कुठल्या तोंडाने भेटले असते?

पत्र लिहीत जा. पत्ता कळला की कळवीन.

तुझी,
ताई