घर पिंकीचेच, गोळ्या घेतल्या तरी आणि नाही घेतल्या तरी

मी, ज्योत्स्ना शेखर तायडे, वय सेहेचाळीस, धंदा शिवणकाम, राहणार मूर्तिजापूर, जिल्हा अकोला, पूर्ण शुद्धीत, कोणी भरीस न घालता हे मृत्युपत्र करून ठेवते. शरीर थकले आहे; डोके जागेवर आहे.

१. मला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर आहे आणि तो पसरला आहे. मला एचआयव्हीही आहे, पण मी त्याने मरत नाही, हे माझ्यामागे बोलणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. माझे पती शेखर ट्रक चालवीत. ते एचआयव्हीनेच गेले; तेव्हा आमच्या भागात त्याची औषधे मिळत नव्हती. मला मिळाली. शेजारच्या केशरबाईंनी मला अकोल्याच्या दवाखान्यात नेले तेव्हा मला उभेही राहवत नव्हते. गोळ्या सुरू झाल्या आणि वर्षभरात मी पुन्हा मशीनवर बसले. आज माझ्या रक्तात विषाणू मोजण्याइतकाही सापडत नाही.

२. दोन खोल्यांचे घर मी शिलाईवर बांधले. ते व पोस्टातील ठेव माझी एकुलती मुलगी पिंकी हिला द्यावी. दीर महादेवराव यांचा त्यावर कसलाही हक्क नाही. शेखरच्या मयतीत त्यांनी मला व तान्ह्या पिंकीला गोठ्याजवळ बसवले, आमचे ताट वेगळे काढले. त्यांनी मला खांदा देऊ नये. जेवून जावे, पण सगळ्यांच्या पंगतीत.

३. पिंकीला हा आजार जन्मापासून आहे. माझ्या गरोदरपणी कोणी तपासले नव्हते. गोळ्यांवर ती ठणठणीत वाढली. मग कॉलेजसाठी अमरावतीच्या होस्टेलात गेली. खोलीतल्या मुलींनी डबी पाहून विचारले. रक्तवाढीच्या आहेत असे सांगून तिने वेळ मारून नेली आणि गोळ्याच सोडल्या. मला फोनवर घेतल्या म्हणायची. दिवाळीत आली ती टीबी घेऊन. डॉक्टर म्हणाले, औषध मध्येच सुटले, आता जुन्या गोळ्यांना विषाणू दाद देत नाही. दुसऱ्या दिल्या आहेत. त्या लागू पडू शकतात, पण चुकवायच्या नाहीत.

४. गोळ्या घेईल तरच घर मिळेल, असे लिहा, म्हणून मी वकीलसाहेबांना सांगितले. पिंकी शेजारीच होती. म्हणाली, "मले घर नोको, आई. तू गेल्यावर मी कोनासाठी खाऊ त्या गोळ्या?"

मी वकीलसाहेबांना ती अट काढायला लावली.

५. शिलाई मशीन रागिणीला. ती माझ्याकडे शिवण शिकली आणि आजार कळल्यावरही माझ्या हातचा चहा पीत राहिली. तिने या घरात पिंकीसोबत राहावे, रोज गोळी विचारावी. पिंकी चिडेल, बोलेल, दार लावून घेईल. रागिणी, तू दारातून हलू नको. तुझ्याशिवाय मला मागायला कोणी नाही.

६. नव्या गोळ्या लागू पडल्या का, हे पाहायला काल पिंकीचे रक्त घेतले. रिपोर्ट यायच्या आत मी गेले, तर माझ्यासाठी वेगळे काही करू नका. तो आला की पिंकीने त्या दिवशीची गोळी घ्यावी. वाईट आला तरी घ्यावी.

हे मला वाचून दाखवले, बरोबर आहे, म्हणून सही करते.

सही: ज्योत्स्ना शेखर तायडे

आमच्यासमोर सही केली, साक्षीदार:
१. केशरबाई श्रावण इंगळे (अंगठा)
२. नितेश वासुदेव गवई (सही)

ठिकाण: मूर्तिजापूर
दिनांक: १२ मे २०२५