सात नंबरची बाई

आई, तू खाकी कव्हर घातलेला माझा प्रबंध काल कपाटातून काढला. शाळेच्या पुस्तकांना घालायचीस तसंच कव्हर, डिंक न लावता, नुसत्या घड्यांवर बसवलेलं. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर आधी पुस्तकांचे कोपरे बघतात, ही धास्ती मी एम.ए. झाले तरी तुझ्या मनातून गेली नव्हती. घड्या अजून घट्ट आहेत.

प्रबंध काढला तो खुर्सीपार वस्तीतल्या एका मुलीसाठी. तिचे वडील इथल्या स्टील प्लांटमध्ये ठेकेदाराकडे कामाला आहेत. ती स्त्री-अभ्यासात संशोधन करते आहे. विषय, प्लांटच्या टाउनशिपमधल्या बायकांच्या हातून गेलेल्या नोकऱ्या. मीही पूर्वी असंच काही लिहिलं होतं, हे तिला कुणीतरी सांगितलं. सोफ्यावर मांडी घालून ती वाचत होती. एका पानावर थांबली आणि म्हणाली, "आंटी, यही चाहिए था मला! ही सात नंबरची बाई. नवऱ्यानं नोकरी करू दिली नाही, ती. हिच्यावर मी पूरा चॅप्टर लिहिते."

सात नंबरची बाई म्हणजे तू.

मुलाखतीच्या त्या दुपारी तू स्वयंपाकघरात पाटावर बसून लाल भाजी निवडते आहेस आणि मी समोर प्रश्नावली घेऊन बसले आहे. "सोताच्या मायले कोनी असं विचारते का वं?" म्हणत तू हसतेस, पण पदर नीट करून घेतेस. मग सांगतेस की मी दोन वर्षांची असताना प्लांटच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तुझी निवड झाली होती. "तुह्या बाबानं सायकल शिकवली मले, या समोरच्या रस्त्यावर. शेजारीण वरडे, बाजूले व्हा रे, मेमसाब येऊन राहिली! ते नाही म्हटले नाहीत. मीच गेली नाही. मले भेव वाटलं."

आई, माझ्या मुलाखतींत अकरा बायका होत्या. बाकी दहा जणींना कुणीतरी अडवलं होतं, सासऱ्यानं, नवऱ्यानं, दिरानं. माझं सगळं प्रकरण त्यावरच उभं होतं. वाटलं, तू बाबांना सांभाळून घेते आहेस. तुझं आयुष्य तुझ्यापेक्षा मला जास्त कळतं असं वाटण्याचं ते वय होतं. मी इंग्रजीत लिहिलं, नवऱ्यानं परवानगी दिली नाही.

प्रबंध बांधून आला तेव्हा तू म्हणालीस, वाचून दाखव. मी मराठी करत गेले. तुझ्या पानाशी आल्यावर अडखळले, तर तूच विचारलंस, "इथं काय लिवलं?" मी म्हटलं, तू सांगितलं तेच. तू लगेच बाबांकडे वळलीस. "पाहा जी, तुमची सायकल पुस्तकात आली!" बाबा पेपरामागे तोंड लपवून हसले. कितीतरी दिवस आल्यागेल्याला ते हे सांगत होते. कव्हर तू त्याच संध्याकाळी घातलंस, सिविक सेंटरच्या बाजारातून मुद्दाम कागद आणवून.

काल मी त्या मुलीला ती ओळ खोटी आहे हे सांगितलं. चहा निवून गेला. वाटलं, आता ही मला काहीतरी बोलणार, आणि बोलली असती तर बरंच झालं असतं. मी पेन घेऊन ती ओळ खोडली, तुझं उत्तर तुझ्याच शब्दांत समासात लिहिलं आणि खाली सही केली. तिनं ते वाचलं, वही उघडली आणि साधेपणानं विचारलं, "पण त्यांना भीती कशाची वाटली, आंटी?"

तू गेल्यावर आता हे कुणाला विचारणार? फोनवर इंग्रजी बोलावं लागेल याची? पाळीच्या ड्यूटीची? मला कुणाजवळ ठेवायचं, याची? "माहीत नाही," एवढंच म्हटलं. तिनं तेही लिहून घेतलं.

तिला जे सांगितलं नाही ते तुला लिहिते आहे. हे कागद त्याच कव्हरच्या घडीत सरकवून ठेवीन. "भेव वाटलं" म्हणून तू भाजीची काडी हातात धरून थांबली होतीस, माझ्याकडे बघत. मी मान खाली घालून आठवा प्रश्न वाचला, घरात पाणी कोण भरतं?

तू थांबली होतीस, आई. मला दिसलं होतं.