सगळेच एक नंबर

२ मार्च २००८, सकाळ
आज ओनर झालो. आयुष्यभर सरकारी क्वार्टरमध्ये राहिलो, हा कात्रपचा फ्लॅट घेतला तोही बायकोच्या, शीलाच्या नावावर. पण आज चहा पिताना आमचा विक्रांत म्हणाला, बाबा, तुम्ही प्रॉडक्ट ओनर.
हकीकत अशी. विक्रांत आणि त्याचा सोनिवलीचा मित्र भूपेश यांनी उल्हासनगर कॅम्प ४ मध्ये, एका फर्निचरवाल्याच्या वरच्या खोलीत, सॉफ्टवेअरची कंपनी काढली आहे. पहिलेच काम आमच्या वाचनालयाचे. मी वाचनालयाचा सेक्रेटरी. चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, सॉफ्टवेअर चालू झाले पाहिजे. नाही झाले तर अध्यक्ष हरिचंद्रशेठ काम काढून ठाण्याच्या पार्टीला देणार. पोरांचे पहिलेच गिऱ्हाईक जाणार.
माझे काम सोपे. वाचनालयाला काय काय हवे ते एकेका कार्डावर लिहायचे. सगळ्यात महत्त्वाचे सगळ्यात वर, मग त्याखालचे. पोरे वरून एकेक करत येणार. या कार्डांना म्हणतात बॅकलॉग.
मला हसू आले. पोरगा मला बॅकलॉग शिकवतो. आस्थापना शाखेत हयात गेली माझी. राखीव जागांच्या बॅकलॉगसाठी निवेदने दिली, मोर्च्यात घोषणा दिल्या, त्याही यमकात. बॅकलॉग भरायचा असतो. भरतो.

४ मार्च
संकल्प: रोज पहाटे उठून कार्डे लिहिणे.

५ मार्च
पहाटे उठलो होतो. दिनानाथ गुरुजी आठवले. चौथीच्या वर्गात कविता चालीवर म्हणून घेत. खिडकीतून शेत दिसायचे, गुरुजी टेबलावर छडीने ठेका धरायचे. तो ठेका आठवता आठवता साडेनऊ वाजले. कार्डे उद्या.

७ मार्च
कॅम्प ४ ला जाऊन आलो. भिंतीवर कार्डे लावायची पद्धत आहे. विक्रांतने शेजारच्या छापखान्यातून उरलेल्या लग्नपत्रिका आणल्यात, मागची बाजू कोरी. एका कार्डाला एक स्टोरी म्हणतात. हे मला आधी सांगितले असते तर इतके दिवस वाया गेले नसते. स्टोरी म्हणजे आपला प्रांत.
सुरुवात ठरलेली असते: एक वाचक म्हणून मला हवे आहे. मी लिहिले: सायंकाळची कोवळी उन्हे टेकडीवर कलली असता, एक वाचक म्हणून मला हवे आहे कवितेच्या पहिल्या ओळीवरून पुस्तक शोधणे. भूपेशने डोके खाजवले. म्हणाला, काका, ही उन्हा स्क्रीनवर कुठं दाखवायची?
पोरगा हुशार आहे, पण रसिकता नाही.

११ मार्च
भिंत भरत आली. ठळक कार्डे: वृत्तानुसार कविता शोधणे. वाचकाच्या वाढदिवसाला चार ओळी. पुस्तक उशिरा आणणाऱ्यास गोड शब्दांत समज. दर तासाला शाळेची घंटा. आणि मुख्य म्हणजे उघडल्याबरोबर स्वागताची कविता, अष्टाक्षरी, सोळा कडवी:
या हो या हो वाचकांनो, संगणकाच्या या दारी,
कळ दाबा एक हळू, पुस्तकांची रांग सारी.
पंधरा कडवी व्हायची आहेत.
आमच्या ग्रंथपाल अंजनीताईंनाही विचारले, ओनरने सर्वांना विचारावे असे विक्रांतचे म्हणणे. बाई म्हणाल्या, सेक्रेटरीसाहेब, मला एवढंच कळू दे, पुस्तक आत आहे की बाहेर, आणि बाहेर असेल तर कोणाकडं. बाकी काय नको मला.
रुक्ष मागणी. तरी बाईंचा मान म्हणून कार्ड केले. खिडकीजवळ लावले.

१३ मार्च
आज क्रम लावला. एकेक कार्ड हातात घेतले, डोळे मिटले, मनाला विचारले. प्रत्येक वेळी मन म्हणाले, एक नंबर.
भूपेश बघून म्हणाला, काका, सगल्यांवर एक नंबर लिवलाय, मंग दोन नंबर कंचा?
त्याला ऑफिसचा अनुभव नाही. आमच्याकडे फाइलवर तीन प्रकारच्या चिठ्ठ्या असत. तातडीचे, अतितातडीचे आणि आजच. नुसते तातडीचे लिहिलेली फाइल कोणी उघडत नसे. दोन नंबर देणे म्हणजे त्या कार्डाला जिवंत गाडणे.

१४ मार्च
पंख्याने सगळी कार्डे उडाली. पुन्हा लावली. क्रम अजिबात बिघडला नाही. माझ्या पद्धतीचा हा फायदा कोणाच्या लक्षात आला नाही.

१५ मार्च
विक्रांतने घरी बसवून समजावले. बाबा, एक नंबर एकालाच मिळतो. दोन आठवड्यांत होतील तेवढीच कामं हातात घेतो आम्ही, वरची पाच-सहा. खाली राहील ते राहील. आणि बॅकलॉग भरत नाही राहायचं, उपसायचा असतो.
उपसायचा तो हौद. पण वाद घातला नाही, पोरगा दिवसभर थकलेला. म्हणालो, ठीक आहे, एकच एक नंबर. रात्रभर विचार करून मार्ग काढतो.

१६ मार्च
मार्ग निघाला. एक (अ), एक (आ), एक (इ). शासन निर्णयात पोटकलमे असतात तसे. कोणाचाही अपमान नाही. स्वागताची कविता एक (अ), घंटा एक (आ), वाढदिवस एक (इ). अंजनीताईंचे कार्ड एक (ढ) ला आले. बाईमाणसाला ढ देणे बरे दिसेना, म्हणून एक (ळ) केले.
विक्रांतने भिंत वरपासून खालपर्यंत वाचली. मग म्हणाला, बाबा, ओनर तुम्ही आहात. तुम्ही वर ठेवाल तेच आम्ही करणार. नंतर बोलू नका.
मी कशाला बोलू?

१७ मार्च
पोरांनी काम सुरू केले. आता कडवी पुरी केलीच पाहिजेत. आजपासून रोज दोन.

२३ मार्च
तीन झाली. वीज सारखी जाते. काळोखात मला सुचते भरपूर, पण काळोखात लिहिता येत नाही.

२९ मार्च
घंटा ऐकली. थेट आमच्या शाळेची. तीनदा वाजवायला लावली. चौथ्यांदा खालचा फर्निचरवाला वर आला आणि म्हणाला, अंकल, इधर स्कूल खोला क्या?
घरी येऊन शीलाला सगळे सांगितले. ती भाजी निवडत म्हणाली, अहो, त्या वाचनालयात पुस्तकं देतात ना अजून?
तिला स्टोरी कळत नाही.

५ एप्रिल
कडवी नऊ. सोळांचा आग्रह सोडला. कवितेत संयम महत्त्वाचा. उद्या कमिटीपुढे डेमो. इस्त्रीचा सदरा काढून ठेवला.

६ एप्रिल, दुपार
डेमो झाला.
वाचनालयाच्या संगणकावर चालू केले. घंटा वाजली. मग कविता वर वर सरकू लागली, संथ, मी सांगितले होते तशी. फक्त अक्षरांच्या जागी चौकोन होते. त्या संगणकात मराठी फॉन्टच नाही असे भूपेश पुटपुटला. पहिल्या चरणातले चौकोन मोजून पाहिले. आठापेक्षा बरेच जास्त. यंत्राला वृत्ताचे ज्ञान नाही.
हरिचंद्रशेठ म्हणाले, शिवरामभाऊ, या खिडक्या कसल्या?
मी म्हणालो, स्वागत आहे.
तेवढ्यात बनूबाई आल्या. त्या लोणच्याचे पुस्तक दिवाळीपासून मागतात. अंजनीताईंना म्हणाल्या, आता मशीन आलं ना, बघ गं माझं पुस्तक कुणी नेलंय. अंजनीताईंनी विक्रांतकडे पाहिले, विक्रांतने माझ्याकडे पाहिले, मी भिंतीवरच्या घड्याळाकडे. एक वाजला होता. घंटा झाली. बनूबाईंना वाटले वाचनालय बंद झाले. त्या परत गेल्या.
हरिचंद्रशेठ विक्रांतला म्हणाले, तुजा बाप मोठा कवी हाय रं, पण मला चौदा तारखेला चौकोन नको. नाय जमत तर आत्ताच सांग, ठाणेवाला तयार हाय.

६ एप्रिल, रात्री
विक्रांत जेवताना मीठ दे, एवढेच म्हणाला, तेही आईला. तो मुका असला की घर फार मोठे वाटते.

७ एप्रिल
ओनरपद अंजनीताईंकडे सोपवले. कमिटीने सोपवले असे म्हणता येईल, पण माझ्याही मनात तेच येणार होते. बाईंनी कॅम्प ४ ला जाऊन भिंतीवरची सगळी कार्डे काढली, आपले एक लावले आणि टेबलाशी बसून राहिल्या. विक्रांतने विचारले, दुसरं? त्या म्हणाल्या, हे आधी होऊ दे रे बाळा.
ही काय पद्धत झाली? पण पोरे हसत होती म्हणे.

१४ एप्रिल
सकाळी अभिवादन, मग उद्घाटन. मी मागच्या रांगेत बसलो, बाईंचा मान हिरावायला नको म्हणून. अंजनीताईंनी बनूबाईंना पुढे बोलावले, कळ दाबली आणि मोठ्याने वाचले: लोणच्याचं पुस्तक बाहेर आहे, तुमच्याच सूनबाईंकडं. सगळी कमिटी हसली. बनूबाई तडक घरी निघाल्या.
हरिचंद्रशेठने तिथेच सांगितले, काम पक्के. विक्रांतने गर्दीत मला शोधले, जयभीम केला आणि हातावर पेढा ठेवला. पेढा खरंच गोड होता.
माझ्या कवितेचे विचारले. अंजनीताई म्हणाल्या, आहे ना साहेब, सगळ्यात खाली. दुसरं सगळं संपलं की घेऊ.

२० एप्रिल, सकाळ
एवढा अनुभव वाया का घालवावा? आजपासून घराचा बॅकलॉग. प्रॉडक्ट ओनर मी. फ्रिजवर कार्डे लावली. एक: गॅलरीत जाईचा वेल. दोन: माझ्या कवितांची फेअर प्रत. तीन: दुपारी शांतता. या वेळी प्रत्येकाला वेगळा नंबर दिला आहे. माणूस शिकतो.

२० एप्रिल, सायंकाळी
कार्डे शीलाने खाली सरकवली आहेत. वर तिचे एक: दळण.
शीलाला विचारले, हा क्रम कोणी लावला? ती म्हणाली, फ्लॅट कोणाच्या नावावर आहे?
दळण आणले. डबा ओट्यावर ठेवला आणि झाले म्हणून सांगितले. तिने चिमटीत पीठ घेऊन चोळून पाहिले. म्हणाली, जाड आहे.
चक्की आठला बंद होते. परत निघालो आहे.