डॉक्टरीणबाई आणि कोमट पाणी

आई, तू गेल्यापासून मराठीत काही लिहिलं नाही, शुद्धलेखनाला हसू नकोस. माझं मराठी तिसरीतच राहिलं, आपण इंडिया सोडून विमानात बसलो तिथपर्यंतचं. टायपिंग पण अगदी हळू आहे, एक 'ळ' सापडेपर्यंत चहा गार झाला. हा इथल्या मराठी मंडळाच्या वार्तापत्राचा टाइपरायटर. पूर्वी बाबा ते वार्तापत्र काढायचे, आता हा बेसमेंटमध्ये नुसता पडून आहे. का पडून आहे ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल. मी हायस्कूल सोडलं. अकरावीत. वर्गासमोर उभं राहून बोलायचं असलं की मी बाथरूममध्ये जाऊन बसायचे. मग तास बुडायला लागले, मग दिवस, मग गेलेच नाही. आता व्हिडिओच्या दुकानात कॅसेट रिवाइंड करते, तिथे फार बोलावं लागत नाही. बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मंडळात जाणंच बंद केलं, कारण तिथे चहाच्या आधी प्रत्येकाला तेच विचारायचं असतं, मुलगी काय करते.

गेल्या उन्हाळ्यात इंडियाला जाताना आम्ही लंडनला थांबलो, बाबांच्या होस्टेलमधल्या मित्राकडे. दाराशी बॅग खाली ठेवून बाबा म्हणाले, "कॉलेजचं विचारलं तर मी बोलीन." मला वाटलं, विषय बदलतील. सोफ्यावर बसल्या बसल्या म्हणाले, "प्री-मेड करते. पुढे मेडिसिन." काकू ओरडल्याच, "अगंबाई, डॉक्टरीणबाई!" आणि माझ्या हातातली कपबशी काढून घेतली. "तू नको धुऊस, तुला वाचायचं असेल." रात्री जेवताना त्यांनी विचारलं, सगळ्यात अवघड काय गं? मी मान खाली घालून म्हणाले, "केमिस्ट्री." बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही, आमटी वाढून घेतली.

तिसऱ्या दिवशी काका आम्हाला गाडीने बाथ नावाचं गाव दाखवायला घेऊन गेले. गावच मधाच्या रंगाच्या दगडाचं आहे. पुलावर दोन्ही बाजूंना दुकानं, इतकी की आपण पुलावर आहोत हे कळतच नाही. काका गाइडसारखे पुढे चालत होते. जमिनीच्या खाली रोमन लोकांचं मोठं कुंड आहे, हिरवं पाणी, वर वाफ. मला एकदम तुझ्या माहेरचं गरम पाण्याचं कुंड आठवलं. तू माझा हात धरून पाण्यात बुडवतेयस, मी किंचाळतेय, आणि तू हसत म्हणतेयस, "देवी आहे, भाजणार नाही." इथेही पूर्वी देवीचं देऊळ होतं असं पाटीवर लिहिलेलं. मी ते वाचून दाखवलं तर काकूंनी लगेच पर्समधून डबी काढली आणि इकडेतिकडे बघून चिमूटभर हळदकुंकू पाण्यात सोडलं. काका म्हणाले, "पोलीस धरतील!" काकू म्हणाल्या, "धरू देत. देवीकडे रिकाम्या हातानं जायचं का?" तू असतीस तर तू पण हेच केलं असतंस. मी मात्र खांबाआड जाऊन उभी राहिले, जणू मी यांच्याबरोबर नाहीच.

वर एक मोठा हॉल आहे. तिथे लोक केक खातात, कुणी पियानो वाजवतं आणि जुन्या वेषातला एक माणूस झऱ्याचं पाणी ग्लासात भरून देतो. कोमट पाणी, गंजलेल्या नळासारखी चव. औषधी म्हणून लांबून लोक यायचे ते प्यायला. काकूंनी ग्लास तोंडाजवळ नेला आणि थांबल्या. "ह्यात क्षार असतात म्हणे. मला प्रेशर आहे, डॉक्टरनं मीठ बंद केलंय. पिऊ का गं?"

काका म्हणाले, "अगं पी घोटभर. रोमन लोक काय मेले का पिऊन?"

"मेलेच की सगळे! तुम्ही गप्प बसा, तिला सांगू दे. सांग गं डॉक्टरीणबाई, तू म्हणशील तसं."

मी बाबांकडे बघितलं. बाबा छताच्या झुंबराकडे बघत होते. आई, तुला आठवतं, इथल्या किचनमध्ये तू पोळ्या लाटायचीस आणि मला पाढे विचारायचीस? अडले की मी गप्प. एकदा तू लाटणं आपटून म्हणालीस, "येत नसेल तर येत नाही म्हण. गप्प बसून समोरच्याला ताटकळत ठेवू नये." काकू ताटकळत होत्या, ग्लास हातात धरून.

"काकू, मला माहीत नाही," मी म्हणाले. "मी डॉक्टर नाही होणार. मी शाळा सोडलीय."

काकूंनी ग्लास खाली ठेवला. आधी माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे. "म्हणजे तीन दिवस भांडी मी एकटीनं उगाच घासली?" काका हसले, मग त्यांना कळलं की बाकी कुणी हसत नाहीये. बाबांनी स्वतःचा ग्लास संपवला, मग काकूंचाही उचलला आणि तोही तळापर्यंत रिकामा केला.

दुपारी तिथल्या एका अर्धगोल घरांच्या रांगेसमोर, उतारावरच्या हिरवळीवर बसलो. काका-काकू फोटो काढायला पुढे गेले. बाबा गवत उपटत होते. म्हणाले, "तुझ्यासाठी नव्हतं सांगितलं ते. मला लाज वाटत होती."

"माझी?"

हातातलं गवत खाली टाकून म्हणाले, "हो."

मला रडू आलं, पण खोटं बोलले नाहीत याचं बरंही वाटलं. घरी गेल्यावर काकूंनी माझ्या हातात घासणी दिली. "ये आता. कढई तुझी." मी इतकी घासली की त्याच म्हणाल्या, पुरे.

बाबांचं सांगून झालं, आता माझं. त्यांनी खोटं सांगितलं म्हणून मी अजून टोचून बोलते कधी कधी, आणि बाबा ते ऐकून घेतात. पण केमिस्ट्री मला कुणी म्हणायला लावलं नव्हतं. "डॉक्टरीणबाई" म्हटलं की मी वळून बघायचे, आणि मला ते आवडायचं. ते तीन दिवस मला आवडले, आई. हे बाबांना नाही सांगितलेलं. हा कागद टाइपरायटरच्या झाकणाखालीच ठेवणार आहे.

अरे हो, समोरच्यांच्या कुत्रीला आत्ता पिल्लं झाली. बाबा, कुत्र्याला घाबरणारे आपले बाबा, पायजम्यातच रस्ता ओलांडून बघायला गेलेत आणि तिथून मला हाका मारतायत.